शरणपूरची आफ्रिकन मुलं

आफ्रिकेत मुलूख धुंडाळत फिरणारा स्कॉटिश मिशनरी डॉ. लिव्हिंग्स्टन, त्याच्या शेवटच्या सामानाची यादी करणारा मुलगा आपल्या नाशकात शिकला होता. हे मी इतक्या लोकांना ऐकवलंय, की घरात कुणी नुसतं ‘शरणपूर’ म्हटलं तरी आमचे हे पेपर उघडून त्यामागे तोंड लपवतात. पण राहवत नाही. शरणपूर रोडवर अख्खी हयात गेलेल्या माणसांनाही यातलं काही ठाऊक नसतं. कॅनडा कॉर्नर, तिबेटी मार्केटमधले स्वेटर, महापालिकेचं राजीव गांधी भवन आणि संध्याकाळी सिग्नलला अडकलेल्या गाड्या, यापलीकडे शरणपूर आहे कुठे?

मुलाचं नाव जेकब वेनराइट. १ मे १८७३च्या सुमारास, आज जो झांबिया देश आहे तिथल्या चितांबोच्या गावात लिव्हिंग्स्टन मेला. पहाटे नोकरांनी पाहिलं तर खाटेशी गुडघे टेकलेला आणि गार पडलेला. सोबतची माणसं बहुतेक सगळी आफ्रिकन. त्यांचे म्होरके सूसी आणि चूमा. परक्या मुलखात गोरा साहेब मेलाय, उद्या कुणी आपल्यावरच आळ घेईल, तेव्हा पेट्या उघडायच्या त्या सगळ्यांच्या देखत आणि वस्तू न वस्तू लिहून काढायची, असं त्यांनी ठरवलं. लिहिणार कोण? जेकब. त्याने साहेबाच्याच वहीत यादी केली.

बँकेत मी तीस वर्षं काढली आहेत. माणूस गेल्यावर लॉकर उघडताना पंच कसे बोलवतात, प्रत्येक डबीची नोंद कशी होते, वारस एकमेकांकडे कसे बघत असतात, हे डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे त्या जंगलातल्या पंचनाम्याचं मला फार कौतुक वाटतं. इथे वारस नव्हता, वकील नव्हता, आणि ही मंडळी यादी न करता पेट्या वाटून घेऊन पांगली असती तरी कुणी विचारायला आलं नसतं.

मग त्यांनी काळीज आणि आतडी एका झाडाखाली पुरली. जेकबने तिथे अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर नाव-तारीख कोरली. त्या बुंध्याचा तुकडा पुढे लंडनला रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत नेऊन ठेवला गेला. देह उन्हात वाळवून, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळून किनाऱ्याकडे निघाले. दीड हजार किलोमीटरच्या वर वाट. अर्ध्यात, आजच्या टांझानियातल्या टबोराजवळ कॅमेरन नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. तो म्हणाला, इथेच पुरून टाका. यांनी ऐकलं नाही. फेब्रुवारी १८७४मध्ये बागामोयोला समुद्र दिसला. तिथून पुढे विलायतेपर्यंत शवाबरोबर गेला तो एकटा जेकब, कारण त्याच्या तिकिटाचे पैसे चर्च मिशनरी सोसायटीने भरले. सूसी आणि चूमाला नंतर बोलावून घेतलं, पण ते पोहोचेपर्यंत दफन उरकलं होतं. १८ एप्रिल १८७४ला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये शवपेटीसोबत जे मानकरी चालले, त्यांत लिव्हिंग्स्टनला आफ्रिकेत शोधून काढणारा पत्रकार स्टॅन्ली होता, झांझिबारचा कॉन्सल कर्क होता, आणि नाशकात लिहायला-वाचायला शिकलेला जेकब वेनराइट होता.

आता तो नाशकात आला कसा, हे सांगते. त्या काळी पूर्व आफ्रिकेतून माणसं धरून गलबतांत कोंबून अरबस्तानाकडे आणि आखाताकडे विकायला न्यायचे. त्यांत पोरंसोरं पुष्कळ. इंग्रजांच्या आरमाराची जहाजं या गलबतांवर पाळत ठेवत आणि सापडलं की माणसं सोडवत. सोडवली खरी, पण उतरवणार कुठे? किनाऱ्यावर सोडलं की दुसरा कुणी धरणार, कारण झांझिबारच्या सुलतानाच्या मुलखात तेव्हा गुलामांचा व्यापार राजरोस चालू होता. मग कुणाला एडनला, कुणाला सेशेल्सला, मॉरिशसला आणि बऱ्याच जणांना मुंबईला आणून उतरवायचे. मुंबईहून त्यातली मुलं मिशनांकडे सोपवली जात. चर्च मिशनरी सोसायटीचं नाशकात १८३२पासून काम होतं. १८५०च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस या पाद्र्याने गावाबाहेर शरणपूरची ख्रिस्ती वसाहत वसवली होती. या आफ्रिकन मुलांसाठी तिथेच आश्रम निघाला. लिहिणं-वाचणं, बायबल, आणि हाताला काहीतरी काम: मुलांना सुतारकी, लोहारकी, गवंडीकाम, मुलींना शिवण.

गंगाकाठच्या बाजारात ही मुलं कधी हिंडली असतील का? सिंहस्थातल्या साधूंना बघून त्यांना काय वाटलं असेल? मराठी कानावर पडत असणारच. शरणपुरातल्या ख्रिस्ती बायाबापड्या मराठीच तर बोलत. कुणी आजी त्यांना रागावताना ‘मेल्या’ म्हणत असेल. हे सगळे माझे मनचे मांडे, कागदात यातलं काही सापडत नाही. कागदात सापडतात ती नावं.

आणि नावांशी मी अडकते. मॅथ्यू वेलिंग्टन म्हणून एक जण होता. लिव्हिंग्स्टनचा देह आणणाऱ्यांत तोही. तो याओ जमातीचा आणि त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव चेंग्विम्बे. १८७२मध्ये लिव्हिंग्स्टनकडे जी कुमक गेली तिच्यातल्या नाशिकवाल्यांची नावं बघा: जेकब आणि जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कारस फरार, बेंजामिन आणि रिचर्ड रटन. त्याआधी १८६६च्या तुकडीत अ‍ॅब्रम, सायमन प्राइस, रिचर्ड आयझनबर्ग, एडवर्ड गार्डनर. प्राइस तर शरणपूर वसवणाऱ्याचंच आडनाव, आणि आयझनबर्ग हा मुंबईतला मिशनरी. सोडवणाऱ्यांच्या नावाचे शिक्के मारलेली मुलं.

आमच्या रविवारच्या वर्गात भुरी येते. गंगापूर रोडच्या बाजूला जी टॉवरची कामं चालू आहेत तिथे तिचे आईबाप मजुरीला. आम्ही चार-पाच निवृत्त बायका साइटच्या पत्र्याशेजारी सतरंजी टाकून बसतो. पहिल्यांदा आली तेव्हा मी विचारलं, “नाव काय गं तुझं?” तर म्हणाली, “कुठलं सांगू?” शाळेत घालताना तिथल्या बाईंनी ‘भुरी काय नाव आहे का’ म्हणून ‘भावना’ लावलं होतं. पोरीला हजेरीत ‘भावना’ पुकारलं की आपल्याला बोलावलंय हे लक्षातच येत नसे, म्हणून गैरहजेरी लागायची, आणि गैरहजेरी लागली म्हणून मार. तिने हे अगदी गमतीत सांगितलं. बाईंचा हेतू वाईट नव्हता, मी मानते. प्राइससाहेबाचाही नसावा. आमच्या वहीत ‘भुरी’ लिहिलंय आणि तीही तेच लिहिते, भ नेहमी मोठा, पुढची अक्षरं ओळीबाहेर घसरलेली.

अ‍ॅब्रमची गोष्ट मला सगळ्यांत लागली. लिव्हिंग्स्टन १८६५मध्ये मुंबईत येऊन पुढच्या प्रवासासाठी माणसं जमवत होता, तेव्हा त्याने नाशिकच्या आश्रमातले नऊ तरुण घेतले. १८६६च्या जुलैमध्ये ही तुकडी याओंच्या मुलखात मटाका नावाच्या सरदाराच्या गावी पोहोचली. तिथे कुणी अ‍ॅब्रमला हाक मारून बोलावलं. बघतो तर सख्खा मामा की काका. (लिव्हिंग्स्टनच्या इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे आपल्या जिवाला घोर.) त्याने सांगितलं, तुला धरून नेल्यावर तुझ्या आईला आणि दोन बहिणींनाही विकलं. आता तू इथेच राहा. लिव्हिंग्स्टननेही त्याला राहायचा आग्रह केला. अ‍ॅब्रम म्हणाला, आई नाही, बहीण नाही, तिथे राहून काय करू. आणि पुन्हा ओझं घेऊन पुढे चालू लागला.

मुलाला ‘आपल्या माणसांत परत पाठवायचं’ म्हणजे नक्की कुठे पाठवायचं, हा प्रश्न तेव्हा शरणपूरच्या चालकांनाही पडला असेल. त्यांचं गणित सरळ होतं: आफ्रिकेची मुलं इथे शिकवून तयार करू, ती तिकडे जाऊन धर्म सांगतील, सुतारकाम शिकवतील, गावं वसवतील. मुलांचं गणित इतकं सरळ कसं असेल? ज्या वयात भाषा रुजते त्या वयात त्यांना गलबतात टाकलं होतं.

बरं, लिव्हिंग्स्टन या नाशिकच्या पोरांवर खूश होता म्हणावं तर तेही नाही. त्याच्या रोजनिशीत त्यांच्याबद्दल तक्रारी भरपूर: आळशी आहेत, मागे रेंगाळतात. रिचर्ड आयझनबर्ग वाटेतच आजारी पडून मेला. वाचताना मला आमच्या ट्रस्टी लोकांच्या मीटिंगा आठवल्या. एवढं करतो आपण यांच्यासाठी, तरी ही पोरं वेळेवर येत नाहीत! शव पोहोचवणाऱ्यांसाठी पुढे रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने साठ चांदीची पदकं पाडली. त्यावर काय कोरलं, तर ‘शेवटपर्यंत इमानी’ अशा अर्थाचे शब्द. कॅमेरनचं न ऐकण्याची हिंमत, देह टिकवण्याची युक्ती, नऊ महिने सगळ्यांना एकत्र ठेवण्याचं कसब, झालंच तर जेकबचं अक्षर, यातलं काहीच पदकावर नाही. इमान तेवढं दिसलं. पदकं तयार होईस्तोवर त्यातली बरीच माणसं पांगलीही होती.

१८७३मध्ये सर बार्टल फ्रीअर झांझिबारला सुलतानाशी बोलणी करायला गेला. हा आपला चांगल्या ओळखीचा. साताऱ्याची गादी खालसा झाली तेव्हा तिथला रेसिडेंट हाच, पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, किल्ल्याच्या भिंती पाडल्या त्याही याच्याच काळात. आजच्या पी. डिमेलो रोडला जुनी माणसं फ्रीअर रोडच म्हणायची. तर त्या जूनमध्ये सुलतानाने समुद्रातला गुलामांचा व्यापार बंद करायच्या तहावर सही केली. आता सोडवलेली माणसं मुंबईपर्यंत आणायची गरज उरली नाही. मोंबासासमोर जमीन घेऊन वसाहत करायचं ठरलं, तिला नाव दिलं फ्रीअरटाउन, आणि ती उभी करायला पाठवलं कुणाला, तर नाशिकच्या अनुभवी प्राइसला. शरणपूरचा आफ्रिकन आश्रम आवरला. सुमारे दीडशे आफ्रिकन इथून तिकडे गेले. मोंबासात त्यांचं नाव पडलं ‘बॉम्बे आफ्रिकन्स’.

माझा भाचा मोंबासाला नोकरीला आहे. त्याच्याकडे गेले तेव्हा “मावशी, बीचवर जाऊ, सफारीला जाऊ” असं त्याचं चाललं होतं आणि मी म्हणत होते, आधी घंटा दाखव. न्यालीच्या बाजूला भर वाहत्या रस्त्याशी एक छोटी कमान आहे, तिच्यात फ्रीअरटाउनची घंटा टांगली आहे. गुलाम पकडणारे येताहेत अशी चाहूल लागली की ती वाजवायचे म्हणतात. त्या भागाला आजही घंटेवरून ‘केंगेलेनी’ म्हणतात आणि मटाटूवाले (तिकडच्या वडापच्या गाड्या) पोरगे तेच नाव ओरडून गिऱ्हाईक भरतात. मी तिथे उभी राहून फोटो काढून घेतला. भाच्याची बायको म्हणाली, “अहो मावशी, एवढीशीच आहे की!” एवढीशीच आहे.

तिथून रबाईला गेलो. मोंबासाच्या वरच्या अंगाला, डोंगरात, वीसेक किलोमीटरवर. तिथे १८४६पासून मिशनचं ठाणं, आता क्राफ या तिथल्या पहिल्या मिशनऱ्याच्या नावाचं संग्रहालय आहे. बॉम्बे आफ्रिकन मंडळींपैकी तिघे जण, जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर, फ्रीअरटाउनच्या दहा वर्षं आधीच, १८६४मध्ये मुंबईहून या भागात आले होते. या तिघांच्या कामाची गोष्ट मला लिव्हिंग्स्टनच्या शवयात्रेपेक्षा मोठी वाटते. आपल्याकडे (आणि केनियाबाहेर कुठेही) ती सांगतं कोण? ती माणसं कुणाचं शव उचलत नव्हती. वर्ग घेत होती, प्रार्थना चालवत होती, आणि त्यांच्या भोवती माणसं जमत होती.

जमत होती ती कोण? किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम. आता इथे पेच बघा. समुद्रातला व्यापार बंद झाला होता, पण जमिनीवर गुलाम बाळगणं कायदेशीरच होतं. पळालेल्याला आसरा देणं म्हणजे मालकाच्या मालमत्तेवर हात टाकणं. मालक चिडून हल्ल्याच्या गोष्टी करत, आणि मिशनरी सोसायटीचे गोरे अधिकारी कानकोंडे होत. आरमाराने आणून दिलेले ते आपले, पळून आलेले नकोत, असा त्यांचा एकंदर सूर. रबाईचा कारभार तेव्हा विल्यम जोन्सच्या हाती. हा जोन्स साधा माणूस नव्हे. बिशप हॅनिंग्टन १८८५मध्ये आजच्या युगांडात मारला गेला, तेव्हा मागे राहिलेला काफिला किनाऱ्यापर्यंत सुखरूप परत आणणारा तोच. त्याच्या अमलात रबाईला पळपुटे येत राहिले, झोपड्या बांधत राहिले, त्यांची मुलं शिकत राहिली. स्वतः गलबतातून सुटलेला माणूस दाराशी आलेल्याला कागद दाखव कसा म्हणेल?

१८८८च्या अखेरीस हे चव्हाट्यावर आलं. ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचा जॉर्ज मॅकेन्झी नुकताच किनाऱ्यावर आला होता, त्याला मालकांशी वाकडं नको होतं. मोजदाद झाली तेव्हा मिशनच्या ठाण्यांत मिळून सुमारे १,४०० पळालेले गुलाम निघाले. शेवटी मालकांना भरपाई देऊन प्रत्येकाला मुक्ततेचा दाखला दिला गेला. भरपाई मालकांना, हे विशेष. ज्यांनी वर्षानुवर्षं फुकट राबवलं त्यांनाच पैसे, आणि राबले त्यांना एक चिठ्ठी. पण त्या चिठ्ठीवर १,४०० माणसं घरी राहिली, पोराबाळांसकट. शरणपूरच्या आश्रमाच्या उद्दिष्टांत ‘पळालेल्या गुलामांना थारा देणे’ हे कलम नक्कीच नसणार.

बायांचं काय, हा प्रश्न मला तिथल्या संग्रहालयातही पडला. शिवण शिकलेल्या मुलीही इथून तिकडे गेल्या होत्या, कुणाकुणाच्या बायका होऊन. फ्रीअरटाउनमध्ये मुलींचीही शाळा होती, म्हणजे त्यांतल्या काही जणींनी शिकवलंही असेल. गोष्टीत मात्र सगळे बाप्ये. फ्रीअरटाउनमधल्या धर्मशिक्षणाच्या शाळेतून १९३०मध्ये लिमुरूचं कॉलेज झालं, ते आज सेंट पॉल्स युनिव्हर्सिटी आहे. जेकब १८९२मध्ये टांझानियात उरांबोला वारला. चेंग्विम्बे ऊर्फ मॅथ्यू वेलिंग्टन सगळ्यांच्या मागे राहिला, १९३५पर्यंत. म्हणजे माझ्या आजीचं लग्न झालं तेव्हा नाशकात शिकलेला एक याओ म्हातारा मोंबासात जिवंत होता.

परत आल्यावर मी रविवारच्या मंडळींना हे सगळं सांगत होते, त्याच आठवड्यात एका मोठ्या कंपनीचे सीएसआरवाले आले. नाव नाही घेत, कारण वह्या त्यांच्याच वापरतोय. त्यांनी मुलांच्या हातात बॅनर दिला. बॅनर मुलांपेक्षा उंच, त्यामुळे फोटोत मुलांचे फक्त डोळे आणि केस. मग त्यांतला एक तरुण साहेब मला म्हणाला, “मॅडम, यातली किती मुलं पुढे आमच्या टेक्निशियन कोर्सला येतील?” समोरची मुलं आठ-नऊ वर्षांची. मी म्हटलं, “अजून भागाकार यायचाय हो त्यांना.” भला मुलगा होता, हसला. पण विचारणं त्याच्या फॉर्मवरच छापलेलं होतं.

असे फॉर्म नवीन नाहीत. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळच्या जंगलपट्ट्यात आणि गुजरातेत सिद्दी राहतात, आफ्रिकेतूनच पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी आलेले. १९८०च्या दशकात सरकारी क्रीडा प्राधिकरणाने त्यांची मुलं हेरून हॉस्टेलात नेली. आफ्रिकन अंगकाठी आहे, धावतील, ऑलिंपिकची पदकं आणतील. काही मुलं खरंच चांगली चमकली. मग काही वर्षांत योजना गुंडाळली आणि बरीच जण अर्ध्या शिक्षणानिशी घरी. पदक आणणारे पाय हवे होते, सोबत आलेल्या मुलाचं पुढे काय करायचं याचा रकाना नव्हता. जंजिऱ्याच्या सिद्द्यांवर आपण शाळेत धडे वाचले, पण हल्याळच्या सिद्दी पोराला बसमध्ये अजून ‘कुठल्या देशाचा’ म्हणून इंग्रजीतून विचारतात. त्याला कोकणी येते, कन्नड येते, बऱ्याचदा मराठीही कळते.

आम्ही या वर्षी दोनच गोष्टी ठरवल्या, आणि त्यावर आमच्यात चांगली भांडणं झाली. पहिली: वहीत मूल सांगेल ते नाव. आधार कार्डावरचं कंसात. दुसरी: देणगीदाराने यावं, पण सतरंजीवर बसून एकाचा तरी पाढा घ्यावा, बॅनर गाडीत ठेवून. ट्रस्टच्या अध्यक्षबाईंचं म्हणणं, “अगं, अशाने कोणी येणार नाही.” एक कंपनी गळाली, खरं आहे. पण दोन बँकवाले जोशात येऊन बसले, त्यातल्या एकाला तेराचा पाढा येत नव्हता आणि भुरीने तो सगळ्यांदेखत पकडला.

साइटचं काम दिवाळीपर्यंत संपेल, मग ही मुलं दुसऱ्या टॉवरकडे जातील, कदाचित पुण्याला, कदाचित सुरतेला. भुरीच्या बापाला विचारलं तर म्हणाला, “मुकादम सांगेल तिकडं, ताई.” तोवर भागाकार उरकायचाय. कुणाला रविवारी सकाळचे दोन तास असतील तर खाली कॉमेंटमध्ये लिहा. गणित जमणारं माणूस हवंय, मी एकटी पुरत नाही.